थिजवण

दरीचं नाव थिजवण.
माझ्या मुलीनं ठेवलं, सहावीत असताना,
चित्रकलेच्या वहीची मधली दोन पानं आडवी धरून.
डोंगर तिनं बेतीच्या टेकडीवरूनच उचलले,
फक्त काजूची झाडं खोडली
आणि उरलेल्या कागदाला रंगच दिला नाही.
तोच बर्फ.

स्वरांगीनं हिमालय पाहिलेला नाही. मीही नाही.
पण मी मालीमच्या बर्फाच्या कारखान्यात रातपाळीला असतो,
म्हणून थिजवणाच्या बाबतीत
घरात माझ्या शब्दाला किंमत आहे.

ती विचारते: रात्री दरीत काय ऐकू येतं?
मी सांगतो: लादी साच्यातून सुटताना
आधी उसासा टाकते, मग कट्ट.
ती लिहून घेते: उसासा. मग कट्ट. मग पळा.
ती विचारते: बर्फ आतून कसा असतो?
काचेसारखा, पण पोटात पांढरं पीस,
गोठताना पाण्याचा शेवटचा श्वास अडकला तिथं.
हे तिला फार आवडलं.
तेव्हापासून थिजवणात हरवलेला प्रत्येक वाटसरू
एकेका लादीत उभा आहे, छातीत पीस घेऊन,
आणि त्यांच्यामधून जाताना
कुणाचंच नाव मोठ्यानं घ्यायचं नाही.
घेतलं की एक लादी तुमच्यासाठी रिकामी होते.

वेशीवर पहारेकरी. जकात घेतो: दोन बोटं.
हा आमचा कायतान. त्याची क्रशरनं घेतली, उजव्या हाताची,
नाताळच्या आदल्या आठवड्यात,
ट्रॉलर रांगेत आणि तांडेल शिव्या देत असताना.
मी त्याला चित्र दाखवलं. बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "दाढी चुकली. टोपी बरोबर आहे."
दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दोदोल पाठवला,
वर्तमानपत्रात बांधून.

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.
फेब्रुवारी. पहाटेचे पावणेचार. एक वॉल्व्ह.
आधी नाक पेटलं, मग डोळे,
मग जमिनीलगत धुकं, आणि दिव्यांचे नुसते डाग.
झारखंडचा सुकरा, येऊन आठच दिवस झालेले,
मांडवीच्या बाजूचं दार उघडं बघून तिकडं धावला.
धुकंही तिकडंच चाललं होतं.
कायताननं त्याला तीन बोटांनी मानेला धरलं,
ओला टॉवेल तोंडावर कोंबला
आणि ओढत नेलं उलटं, वारा येत होता तिकडं,
कंप्रेसरला घासून,
जिथं जायला कुणाचाच पाय उचलत नव्हता.
मी मागोमाग गेलो. शूर म्हणून नव्हे.
तेवढी टोपी दिसत होती.

घरी आलो. डोळे लाल. बायको म्हणाली, झोपा आधी.
स्वरांगीनं काही विचारलं नाही. वही पुढं सरकवली.
मी म्हटलं, दरीत कधीकधी धुकं उठतं.
"मग बाहेर कसं पडायचं?"
वाऱ्याच्या तोंडावर.
"पण तिथंच सगळ्यात जास्त थंडी असणार."
असणार.
ती पेन्सिल चावत बसली. मग वरच्या कोपऱ्यात
वाऱ्याचा एक बाण काढला
आणि त्याच्या अंगावर चालून जाणारी तीन माणसं.
पहिल्याला टोपी. शेवटच्याला माझी चप्पल,
अंगठा तुटलेली.

आता जून. मासेमारी बंद, टाक्या कोरड्या,
साचे उपडे घालून ठेवलेत, त्यांच्यावर कावळे.
सुकरा गावी गेला. ऑगस्टात येतो म्हणाला,
जाताना माझ्या हातात हात दिला, खोकत.
येईल, न येईल.

लाद्यांच्या रांगेत तिनं शेवटी एक रिकामी काढली होती.
कुणासाठी, मी विचारलं नव्हतं.
काल बसून ती खोडली, जोर लावून.
कागद तिथं झिजलाय.
उजेडाला धरला तर
पलीकडचं पान दिसतं.